जुन्या पोकलेन-डोझरसाठी कूलंट निवडताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्च लागला की तलावांतला गाळ, शेततळी, रस्त्यांचे भराव आणि खडी क्रशर अशी सगळी कामे एकदम अंगावर येतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार'सारख्या योजनांची कामेही पावसाच्या आत उरकायची असतात. या कामांवर राबणाऱ्या पोकलेन, डोझर, ग्रेडर, कॉम्प्रेसर आणि जनरेटरमध्ये पंधरा-वीस वर्षांची, दोन-तीन मालक पाहिलेली यंत्रे पुष्कळ असतात. डिझेलचा, ऑइलचा, बकेटच्या दातांचा हिशेब मालक काटेकोर ठेवतो. रेडिएटरची गोष्ट निघाली की मात्र चर्चा 'हिरवे टाकू की लाल' यापुढे जात नाही. बऱ्याच ठिकाणी तेवढीही होत नाही, जवळच्या बोअरचे पाणी ओतून काम सुरू होते. जुन्या डिझेल इंजिनाला कोणते कूलंट, किती आणि कोणत्या पाण्यात, याची माहिती मराठीत सहसा वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

विदर्भ-मराठवाड्यात रेडिएटर गोठण्याचा प्रश्न नाही. निफाडला एखाद्या हिवाळ्यात पारा शून्याजवळ जातो, तेवढेच. त्यामुळे अँटिफ्रीझ ही लडाखची गरज आणि आपल्याला साधे पाणी पुरते, असा समज घट्ट बसला आहे. कूलंटमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात. एक इथिलीन ग्लायकॉल, ज्याने मिश्रण लवकर गोठत नाही आणि लवकर उकळतही नाही. दुसरी म्हणजे गंज आणि झीज रोखणारी रसायने. महाराष्ट्रातल्या यंत्राला या दुसऱ्या गोष्टीची गरज पहिलीपेक्षा जास्त आहे, आणि खरेदी करताना नेमके तिच्याकडेच कोणी बघत नाही.

जुन्या मोठ्या डिझेल इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत वेट लायनर असतात. म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिची बाहेरची बाजू थेट कूलंटमध्ये बुडालेली असते. इंजिनात स्फोट झाला की पिस्टन लायनरच्या एका अंगावर आदळतो आणि लायनर थरथरतो. ही थरथर डोळ्यांना दिसणारी नव्हे, पण इतकी जलद असते की लायनरची भिंत मागे सरकताना कूलंट तिच्या मागोमाग पोहोचू शकत नाही. तिथे क्षणभर दाब एकदम कमी होतो आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. भिंत परत आली की ते फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याबरोबर लोखंडाचा सूक्ष्म कण निघून जातो. हजारो तास हेच चालले की पिस्टनचा मार बसणाऱ्या बाजूला लायनरवर वरून खाली खड्ड्यांची रांग उठते आणि एखादा खड्डा आरपार जातो. बाहेरून पाहणारा त्याला गंज म्हणतो. पण गंज पसरट असतो, इथली भोके टाचणीने टोचल्यासारखी खोल आणि एका ओळीत असतात.

यावर उपाय आहे नायट्राइट, काही कूलंटमध्ये जोडीला मॉलिब्डेट. नायट्राइट लायनरच्या बाहेरच्या अंगावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, चिवट थर धरते. बुडबुडा फुटला की तो थर उडतो, लोखंड वाचते, आणि थर पुन्हा धरतो. या दुरुस्तीत नायट्राइट खर्च होत राहते. म्हणूनच रेडिएटर भरलेला आहे, रंगही छान हिरवा आहे, तरी लायनर खाल्ला जातो: ग्लायकॉल शिल्लक असते, नायट्राइट संपलेले असते. अवजड इंजिनांच्या कूलंटसाठी एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचे डी ६२१० हे मानक आहे. नायट्राइटच्या मार्गाने ते पाळायचे तर वापरायच्या मिश्रणात लिटरमागे किमान १,२०० मिलिग्रॅम नायट्राइट असावे लागते; किंवा नायट्राइट आणि मॉलिब्डेट मिळून किमान ७८०, आणि त्यात प्रत्येकी किमान ३००. डी ३३०६ हे मानक मोटारी आणि हलक्या वाहनांचे. डी ४९८५ अवजड इंजिनांचे आहे खरे, पण त्यातले कूलंट भरताना वरून पूरक रसायन घालावेच लागते. नुसते ओतून चालत नाही. आपल्याकडच्या डब्यांवर आयएस ५७५९ (भारतीय मानक) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी मानक) हे क्रमांकही दिसतात. ते असणे चांगलेच, मात्र त्यांवरून लायनरच्या संरक्षणाची खात्री धरू नये. वेट लायनरसाठी डी ६२१० शोधावे, नाहीतर इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या मानकाचा क्रमांक.

म्हणून दुकानात जाण्याआधी इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल नंबर घेऊन वर्कशॉप मॅन्युअल उघडावे आणि आपले इंजिन कोणत्या जातीचे ते पाहावे. कमिन्सच्या एनटी-८५५ मध्ये आणि कॅटरपिलरच्या ३३०६ मध्ये वेट लायनर आहेत. कमिन्सच्याच बी सिरीजच्या ५.९ लिटर इंजिनात लायनरच नाही, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. काही इंजिनांत ड्राय लायनर असतात, त्यांच्या अंगाला कूलंट थेट लागत नाही. लायनर नसलेल्या किंवा ड्राय लायनरच्या इंजिनाला चांगल्या प्रतीचे साधे कूलंट चालून जाते. वेट लायनरवाल्याला तेच घातले तर दोन-चार हजार तासांत हिशेब चुकता होतो.

दुसरी पाहायची गोष्ट रेडिएटरचा धातू. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे, शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेले. नव्या मोटारींसाठी बनलेली सेंद्रिय आम्लांची कूलंटे, विशेषतः २-इथिलहेक्झॅनोइक आम्ल असलेली, या डाखाला आणि जुन्या इंजिनांतल्या काही सिलिकॉन सीलांना मानवत नाहीत. डाख झिजला की शिशाचा पांढरट चोथा नळ्यांच्या तोंडाशी साचतो आणि रेडिएटर आतून चोंदतो. बाहेरून प्रेशरने कितीही धुतला तरी तापायचा थांबत नाही. जुना तांब्याचा रेडिएटर आणि वेट लायनर अशी जोडी असेल तर कमी सिलिकेटचे, नायट्राइटयुक्त, डी ६२१० चे पारंपरिक किंवा संकरित (पारंपरिक रसायने आणि सेंद्रिय आम्ले दोन्ही असलेले) कूलंट घ्यावे, आणि त्यात तांब्या-पितळेसाठी अॅझोल वर्गाचे रसायन आहे ना, हे डब्यासोबतच्या माहितीपत्रकात पाहावे.

हल्ली एक वेगळाच गुंता होतो. जुना रेडिएटर फुटला की स्वस्त पडतो म्हणून अॅल्युमिनियमचा बसवला जातो. नायट्राइट आणि जुळणीच्या भट्टीतून निघालेले नवे अॅल्युमिनियम यांचे पटत नाही. नायट्राइट मोडून अमोनिया तयार होतो, मिश्रणाचा पीएच चढतो आणि अॅल्युमिनियम खायला लागते. अशा यंत्राला नायट्राइटविरहित, तरीही वेट लायनरच्या चाचणीत उतरलेले सेंद्रिय आम्लांचे अवजड कूलंट घ्यावे लागते, आणि ते भरण्यापूर्वी नवा रेडिएटर शुद्ध पाण्याने नीट खंगाळावा लागतो. रेडिएटर बदलला आणि कूलंट तेच ठेवले, हे मला सर्वांत घातक वाटते. आधी दोन्ही एकमेकांना चालत होते, आता चालत नाहीत, आणि फिटरला याची कल्पनाही नसते.

रंगाबद्दल एकच वाक्य पुरे: हिरवा, लाल, निळा, पिवळा हा कारखानदाराने घातलेला रंग आहे, त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. दोन हिरवी कूलंटे वेगळ्या जातीची असू शकतात. जातींची मिसळ शक्यतो करू नये. सेंद्रिय आम्लांच्या दीर्घायुषी कूलंटमध्ये दुसऱ्या जातीचे दहा टक्क्यांहून जास्त गेले, तर ते पाच-सहा हजार तास टिकेल ही आशा सोडावी आणि दोन वर्षांत बदलणाऱ्या साध्या कूलंटसारखेच त्याला वागवावे.

आता पाणी. चांगले कूलंट वाईट पाण्यात मारण्यात आपला हात कोणी धरणार नाही. कूलंटसाठी पाण्याची साधारण मर्यादा अशी: क्लोराइड लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, सल्फेट १०० च्या आत, एकूण कठीणपणा १७० च्या आत, विरघळलेले घन पदार्थ ३४० च्या आत. दख्खनच्या काळ्या खडकातल्या बोअरला कठीणपणाची ही मर्यादा गाठायला वेळ लागत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागात, पाणी मुळातच खारे. तिथले बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये घालणे म्हणजे पैसे देऊन क्लोराइड घालणे. फॉस्फेट असलेल्या कूलंटमध्ये कठीण पाणी गेले की कॅल्शियमचा साका बनतो आणि तो सिलिंडर हेडच्या गरम भागावरच जाऊन बसतो. वरून मीटर थोडाच चढलेला दिसतो, आत हेड मात्र भाजत असते. डिस्टिल्ड किंवा डी-मिनरलाइज्ड पाणी बॅटरीच्या दुकानात कॅनने मिळते. २० टनी पोकलेनच्या सिस्टिममध्ये साधारण २० ते ३० लिटर मिश्रण बसते, म्हणजे भरायला लागणारे शुद्ध पाणी फार तर अठरा लिटर. एवढ्यावरून काटकसर करू नये. आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे, पण फिल्टर जुना असेल तर त्याचाही भरवसा नाही.

प्रमाणाचे गणित असे. ग्लायकॉल आकारमानाने २५ टक्के असेल तर मिश्रण उणे १२ अंशांच्या आसपास गोठू लागते, ५० टक्क्यांना उणे ३७, ६० टक्क्यांना उणे ५० च्याही खाली. शुद्ध कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट, मात्र उणे १३ लाच गोठते, म्हणून 'जास्त घातले की जास्त चांगले' हे इथे लागू नाही. उष्णता वाहून नेण्यात ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी पडते. निम्मे-निम्मे मिश्रण पाण्यापेक्षा दहा-पंधरा टक्के कमी उष्णता उचलते. चंद्रपूर-नागपूरच्या ४५-४६ अंशांत ६० टक्के मिश्रण भरलेला डोझर विनाकारण तापतो, शिवाय जादा रसायनांचा चिकट साका रेडिएटरच्या नळ्यांत आणि वॉटर बॉडीच्या (पाण्याच्या पंपाच्या) सीलवर बसतो. आपल्या हवामानाला ४० ते ५० टक्के योग्य. तिसाच्या खाली उतरू नये, कारण गंजरोधक रसायने कॉन्सन्ट्रेटसोबतच येतात. ग्लायकॉल कमी म्हणजे तीही कमी. ४० टक्क्यांवर चालवायचे असेल तर नायट्राइट मोजून पूरक रसायन घालावे, कारण डब्यावरचा दावा सहसा निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा असतो.

इथेच बाजाराची गोष्ट येते. 'एकास तीन' मिसळायचा सल्ला डब्यावर असेल तर कॉन्सन्ट्रेट अस्सल असूनही मिश्रणात ग्लायकॉल २५ टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाही. काही डबे तयार मिश्रणाचे असतात, त्यात पुन्हा पाणी घातले की संपलेच. आणि काहींत रंगीत पाण्यापलीकडे फारसे काही नसते. ते ओळखायला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे एका थेंबावरून ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणारे छोटे उपकरण, पुरतो: आधी डिस्टिल्ड पाण्याच्या थेंबाने शून्य जुळवावे, मग डब्यातला थेंब ठेवावा. तयार मिश्रण म्हणून विकलेल्या द्रवाची रेषा शून्याजवळच राहिली तर डबा परत करावा. डब्याच्या दर्शनी बाजूला ग्लायकॉलची टक्केवारी, तयार मिश्रण की कॉन्सन्ट्रेट, नायट्राइट आहे की नाही, आणि कोणत्या मानकाला उतरते, या चार गोष्टी मराठी-हिंदीत ठळक छापल्या जाव्यात, अशी माझी मागणी आहे. जिल्हा परिषद, पाटबंधारे आणि बांधकाम खात्यांच्या खरेदीतही नुसते 'कूलंट, हिरवे, अमुक लिटर' न लिहिता मानकाचा क्रमांक लिहावा. त्याला जादा पैसा लागत नाही.

आपल्या भागातली यंत्रे हिमाचल आणि लडाखच्या रस्त्या-बोगद्यांच्या कामांवरही जातात. त्यांचे गणित निराळे. द्रासच्या बाजूला ५० ते ६० टक्के मिश्रण हवे आणि ते निघण्यापूर्वी रिफ्रॅक्टोमीटरवर तपासलेले हवे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. नशीब चांगले तर ब्लॉकचे डमी प्लग (ब्लॉकच्या भोकांवर ठोकलेल्या पत्र्याच्या टोप्या) बाहेर पडून निभावते, नाहीतर ब्लॉकच तडकतो. उंचीचा दुसरा फटका कोणाच्या ध्यानात येत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, तिथे उघडे पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते. जुन्या इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडतो ८० च्या पुढे. म्हणजे रेडिएटरची कॅप दाब धरत नसेल आणि आत साधे पाणी असेल, तर यंत्र थंडीतही उकळते, आणि रात्री तेच पाणी गोठते.

कॅपबद्दल थोडे अधिक. तिच्यावर ७, १० किंवा १५ असा आकडा असतो, तो पीएसआयमधला दाब. दर एका पीएसआयमागे उकळबिंदू साधारण दीड अंशाने चढतो. शिवाय सिस्टिममध्ये दाब असला की लायनरजवळ बुडबुडे कमी होतात. रबर फाटलेली कॅप, तोंडाला गुंडाळलेले फडके, किंवा दुसऱ्याच यंत्राची कॅप लावून चालवणे म्हणजे उकळणे आणि लायनरची भोके ही दोन्ही निमंत्रणे एकदम देणे. हीच गत थर्मोस्टॅटची. यंत्र तापते म्हटले की पहिला 'व्हॉल' काढून फेकायचा, हा आपल्या गॅरेजांचा आवडता इलाज. व्हॉल काढला की इंजिन कामाच्या तापमानाला येत नाही, पिस्टन आणि लायनरमधली फट मोठी राहते, पिस्टन जास्त आदळतो आणि लायनर जास्त थरथरतो. ऑइलमध्ये गाळ साचतो तो वेगळाच. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तोच काढला की निम्मे कूलंट रेडिएटरला न जाता तसेच इंजिनात फिरते आणि भर उन्हात यंत्र आधीपेक्षा जास्त तापते. व्हॉल खराब असेल तर त्याच तापमानाचा नवा टाकावा. जुना खराब आहे की नाही ते पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून, दहा मिनिटांत कळते.

कूलंट बदलायचे तर घाई करू नये. इंजिन गरम करून बंद करावे, ५० अंशांच्या खाली येऊ द्यावे, मग कॅप काढावी. फक्त रेडिएटरचा नळ सोडून भागत नाही. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लग आणि ऑइल कूलरचा प्लगही उघडावा. जुना प्लग क्षाराने बुजलेला असतो, तारेने मोकळा करावा. निघालेला द्रव बादलीत घेऊन पाहावा. तपकिरी म्हणजे गंज. वर ऑइलचा तवंग म्हणजे बहुधा ऑइल कूलर फुटला आहे. काळपट, जळका वास म्हणजे हेड गॅस्केटमधून धूर येतो आहे. दोष आधी दुरुस्त करावा. नवे कूलंट दोषावर ओतून उपयोग नाही.

आतून क्षार असेल तर रेडिएटर क्लीनर पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात घालून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि पुढे सांगितला तेवढा वेळ इंजिन चालवावे, मग काढून शुद्ध पाण्याने खंगाळावे, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आम्लाचे क्लीनर असेल तर नंतर त्याचे उदासिनीकरण करणारे द्रावण फिरवल्याशिवाय कूलंट भरू नये. मालकाला आधीच सांगून ठेवावे की सफाईनंतर रेडिएटर गळू शकतो. भोक जुनेच असते, क्षाराने बुजलेले. होज पाइप दाबून बघावे. आतून मऊ पडलेला खालचा पाइप पंपाच्या ओढीने चपटा होतो आणि तापण्याचे कारण सापडता सापडत नाही.

भरताना एक चूक फार होते. खंगाळल्यावर ब्लॉकच्या कोपऱ्यांत तीन-चार लिटर पाणी राहूनच जाते. त्यात निम्मे-निम्मे तयार मिश्रण भरले की प्रमाण ४० ते ४५ च्या दरम्यान येते. म्हणून मॅन्युअलमधली पूर्ण क्षमता घ्यावी, समजा २४ लिटर; आधी १२ लिटर कॉन्सन्ट्रेट ओतावे, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरावी. सावकाश भरावे, थर्मोस्टॅटच्या घराजवळचा एअर प्लग उघडा ठेवून. त्यातून सलग धार आली की बंद करावा. कॅप न लावता इंजिन चालवावे, थर्मोस्टॅट उघडून वरचा पाइप गरम झाला की पातळी घसरते, ती भरून मग कॅप लावावी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी आणि रिफ्रॅक्टोमीटर पुन्हा पाहावा.

सगळे न काढता प्रमाण सुधारायचे असेल तर सूत्र सोपे आहे. २४ लिटरमध्ये ग्लायकॉल २५ टक्के आहे आणि ५० हवे आहे. हवे वजा आहे, म्हणजे २५, त्याला शंभर वजा आहे, म्हणजे ७५ ने भागा, एक तृतीयांश. २४ चा एक तृतीयांश ८. आठ लिटर जुने काढा, आठ लिटर कॉन्सन्ट्रेट घाला.

सांभाळताना दर २५० तासांनी, ऑइल बदलाच्या वेळी, टेस्ट स्ट्रिपने नायट्राइट आणि पीएच बघावा. पारंपरिक कूलंटचा पीएच साधारण साडेआठ ते साडेदहा असतो. स्ट्रिपचा डबा उघडा ठेवू नये, तिची मुदत पाहावी, आणि रंग ठरलेल्या सेकंदांनीच जुळवावा. मॉलिब्डेट नसलेल्या कूलंटमध्ये नायट्राइट १,२०० च्या खाली आले तर पूरक रसायन मोजून घालावे. अंदाजाने बाटली उपडी करू नये. जादा नायट्राइट डाखाला खाते आणि जादा रसायनाचा साका वॉटर बॉडीचे सील घासतो. कूलंट फिल्टर असलेल्या यंत्रात फिल्टरमध्येच रसायन भरलेले असू शकते, तेही हिशेबात धरावे. सेंद्रिय आम्लांचे कूलंट असेल तर असा भरलेला फिल्टर लावू नये, बिनरसायनाचा लावावा.

रोज वरून साधे पाणी घालण्याची सवय किती नडते, ते आकड्यांत पाहा. २४ लिटरच्या सिस्टिममधून आठवड्याला एक लिटर गळते आणि ऑपरेटर तेवढे पाणी घालतो. आठ आठवड्यांत ५० टक्क्यांचे ३५-३६ टक्के होतात, आणि १,६०० असलेले नायट्राइट १,१४० वर येते, म्हणजे मर्यादेच्या खाली. पातळी मात्र रोज बरोबर दिसते. वाफेने गेले तर मुख्यतः पाणी जाते, तेव्हा पाणी घालणे चूक नाही. गळतीने जाते ते मिश्रण, तिथे मिश्रणच घालावे. साइटवर तयार मिश्रणाचा एक कॅन नाव लिहून ठेवला की काम भागते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणे तर कधीच नको, हेड तडकते.

गळती थांबवायला हळद, आणि गंज थांबवायला कटिंग ऑइल, हे दोन उपाय अजून चालतात. हळद भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. कटिंग ऑइल रबराचे पाइप आणि लायनरच्या ओ-रिंगा फुगवते. कामावरून गावापर्यंत यंत्र आणण्यापुरती हळद मी समजू शकतो, पण मग ती काढून सिस्टिम धुवावी लागते, आणि ते कोणी करत नाही.

इलेक्ट्रिकची एक भानगड इथेच सांगतो. मल्टिमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल तार नुसती कूलंटमध्ये बुडवा, रेडिएटरच्या धातूला न लावता. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर कुठेतरी अर्थिंग खराब आहे आणि करंट कूलंटमधून वाट काढतो आहे. अशा यंत्रात कोणतेही कूलंट टिकत नाही. आधी इंजिन आणि चेसिसची अर्थ केबल बदला, आणि बकेटला वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा बकेटलाच लावा.

लायनरला भोक पडल्याची शंका कधी घ्यावी? बाहेर थेंबही नसताना पातळी उतरते, इंजिन चालू असताना रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहतात, ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. यंत्र रात्रभर उभे ठेवून सकाळी, सुरू न करता, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) ड्रेन प्लग थोडासा सैल करावा. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि ऑइलच्या आधी तेच थेंबते. पाणी दिसले तर स्टार्टर अजिबात मारू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साचलेले असेल तर ते दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चेंबर उतरवून रेडिएटरला हातपंपाने कॅपवरच्या आकड्याइतका दाब द्यावा आणि खालून टॉर्च मारून पाहावे. थेंब लायनरच्या आतल्या अंगाने पिस्टनवरून येत असेल तर बहुधा भोक, किंवा वरून हेड गॅस्केट. लायनर आणि ब्लॉकच्या मधून येत असेल तर ओ-रिंग. लायनर काढल्यावर खड्डे उथळ असतील आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर तो ९० अंश फिरवून पुन्हा बसवता येतो, म्हणजे मार नव्या अंगावर बसतो. खड्डे खोल असतील तर लायनर फेकावा. फक्त लायनर बदलून तेच पाणी परत भरले, तर नवा लायनरही त्याच वाटेने जाणार.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, आणि चवीला गोड. मोठ्या माणसालाही साधारण १०० मिलिलिटर जीवघेणे ठरू शकते. मूल, कुत्रे किंवा वासरू यांना त्याहून पुष्कळ कमी पुरते. साइटवर ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही ठेवू नये. काढलेले कूलंट नाल्यात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून वापरलेल्या ऑइलसारखेच अधिकृत संकलकाकडे द्यावे. कोणाच्या पोटात गेलेच तर लक्षणांची वाट पाहू नये. पहिले काही तास माणूस नुसता दारू प्यायल्यासारखा दिसतो आणि मूत्रपिंडे नंतर बंद पडतात. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि कूलंटचा डबा सोबत न्यावा, म्हणजे काय पोटात गेले ते डॉक्टरांना लगेच कळते आणि उतारा वेळेत सुरू होतो.

आपला,
अवजड यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीच्या कामातला एक वाचक,
अकोला